चेक भाषेचे यांत्रिक गुरू

चेक भाषेत नामाच्या विभक्ती सात आहेत. प्रागमधील शाळकरी मूल त्यांना पहिली, दुसरी, तिसरी अशा क्रमांकांनीच ओळखते. ज्यांच्या माळ्यावर शब्दरूपावलीची एखादी जीर्ण प्रत अजून पडली असेल, त्यांना हे वाचून प्रथमा, द्वितीया, तृतीया यांचे स्मरण झाल्यावाचून राहणार नाही. क्रम तेवढा वेगळा. त्यांची दुसरी ती आपली षष्ठी, त्यांची चौथी ती आपली द्वितीया, आणि पाचवी म्हणजे आपले संबोधन. ही भाषा मोबाइलवरील ॲपांच्या व दूरस्थ वर्गांच्या द्वारा शिकू पाहणाऱ्या मराठी माणसाने कोणते साधन निवडावे, याचा विचार येथे करावयाचा आहे. आणि आमचा सगळा विचार या सात विभक्तींभोवतीच फिरणार आहे, हे आरंभीच सांगून टाकतो.

निमित्त घरचे आहे. आमची पुतणी लग्नानंतर ब्र्नो शहरी असते. जावई संगणकाच्या कामावर. मुलगा चार वर्षांचा, तेथील बालशाळेत जातो. दोन वर्षे तिने एका ॲपवर चेक भाषेचा अभ्यास नेमाने केला, एकही दिवस चुकविला नाही. एके दिवशी शाळेच्या दाराशी तिने शिक्षिकेला 'पानी उचितेल्का' अशी हाक मारली. शिक्षिका हसली आणि काही बोलली नाही. बोलला तो मुलगा. 'आई, उचितेल्का नाही, उचितेल्को!' त्या रात्री तिचा फोन आला. 'काका, सातशे दिवस झाले. घोडा सफरचंद खातो हे मला चेकमध्ये सांगता येतं, पण बाईंना हाक मारता येत नाही.' आम्ही विचारले, 'अगं, तू देवापुढे उभी राहिलीस की विठ्ठल म्हणतेस की विठ्ठला?' ती क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, 'हे असं मला कुणी सांगितलंच नाही.'

त्या ॲपचे नाव आम्ही घेत नाही, कारण दोष एका कंपनीचा नसून त्या संपूर्ण जातीचा आहे. ही साधने प्रायः इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी रचलेली असतात. इंग्रजी माणसाच्या भाषेत नामाला लिंग नाही, हाक मारताना नाम बदलत नाही, गावाच्या नावाला प्रत्यय लागत नाही. असा विद्यार्थी विभक्तीचे कोष्टक पाहताच पळून जाईल, ही भीती रचनाकारांना असते. म्हणून ते कोष्टक लपवितात आणि वाक्यांचा मारा करितात. त्यांच्या दृष्टीने ते शहाणपणाचे असेलही. परंतु ज्याच्या घरात तेच सामान पिढ्यान्‌पिढ्या भरलेले आहे त्याने आपला दरवाजा बंद करून शेजाऱ्याच्या खिडकीतून आत का शिरावे?

हे सामान किती आहे, ते पाहण्यासारखे आहे. 'चाक' या शब्दातील च आणि 'चहा' या शब्दातील च हे दोन वेगळे ध्वनी आपण न शिकता उच्चारतो. चेक भाषेत नेमके हे दोन ध्वनी असून त्यांना दोन वेगळी अक्षरे आहेत. पहिल्याला साधे, दुसऱ्याला वर लहानसे चिन्ह दिलेले. त्यांचे त आणि द आपल्या त-द सारखेच दंत्य. पण इंग्रजीच्या द्वारे शिकणारा आपला मनुष्य 'ति', म्हणजे 'तू', हा शब्द 'टी' असा म्हणू लागतो आणि ऐकणाऱ्याला चहाची आठवण होत नसली तरी परकेपणाची होते. तू आणि तुम्ही यांचा भेद तिकडे आहे. कोणाला कधी तू म्हणावे याचा संकोचही आहे, आणि तो आपल्याइतकाच नाजूक आहे. पंचवीस म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर, ही आपली रीत चेक लोकांच्या बोलण्यात दुसरा पर्याय म्हणून चालते. 'मी गेलो' आणि 'मी गेले' हा स्त्रीपुरुषभेद, जो कोकणीत 'हांव गेलों' म्हणताना तसाच जागा असतो, तो चेक भाषेत 'शेल य्सेम' आणि 'श्ला य्सेम' असा आहे. भूतकाळातील ल सुद्धा जुळतो : बिल, बिला, बिलो, गेला, गेली, गेले. हा ल दोन्हीकडे एकाच मुळातून आला असे मात्र कोणी समजू नये. तो योगायोग आहे. पण स्मरणाला योगायोगही चालतो.

आणि सामान्यरूप! पुणे हे पुण्यात, पुण्याला असे वाकते, हे आपल्याला कोणी शिकविले? 'प्राहा' हे प्रागचे तेथील नाव. ते सात विभक्तींत प्राहा, प्राहि, प्राझे, प्राहू, प्राहो, प्राझे, प्राहोउ असे फिरते. मधला ह जाऊन त्या जागी झ येतो, हे पाहून इंग्रजी विद्यार्थी कपाळाला हात लावतो. ज्याच्या जिभेवर वही-वह्या, घोडा-घोड्याला ही रूपे खेळली आहेत, त्याने लावण्याचे कारण नाही.

येथे कोणी म्हणेल की मूल व्याकरणावाचून शिकते, मग आईने का शिकू नये? आमच्या नातवाचे उदाहरण यावर पुरेसे आहे. तो दिवसाचे सहा-सात तास चेक मुलांत खेळतो, भांडतो, मार खातो. त्याच्या आईला रात्री भांडी आवरल्यावर पंधरा मिनिटे मिळतात. इतक्या थोड्या वेळात हजारो वाक्यांतून नियम आपोआप झिरपेल अशी आशा करणे हे, आमच्या व्यवसायाच्या भाषेत, कायद्याचे पुस्तक न देता नुसते निवाडे वाचावयास लावण्यासारखे आहे. निवाड्यांतूनही कायदा कळतो, पण त्याला जन्म लागतो. कलम आधी वाचावे, नजीर नंतर पाहावी.

चेक शाळांत या कलमांची संख्या चौदा आहे. नामांचे चौदा नमुने मुलांकडून घोकून घेतात, आणि भाषेतील बहुतेक प्रत्येक नाम त्यांपैकी एकाच्या वाटेने जाते. पुल्लिंगी सहा, स्त्रीलिंगी चार, नपुंसकलिंगी चार. झेना म्हणजे स्त्री, रूझे म्हणजे गुलाब, म्येस्तो म्हणजे शहर, मोर्झे म्हणजे समुद्र, कुर्झे म्हणजे कोंबडीचे पिल्लू. आपल्या राम, हरि, माला, नदी यांचेच हे भाऊबंद. त्यांत 'सौत्से' म्हणजे न्यायाधीश हाही एक नमुना आहे हे पाहून आम्हांस विशेष आनंद झाला. हा न्यायाधीश एकवचनात सातपैकी चार विभक्तींत जागचा हलत नाही. वीस वर्षांच्या वकिलीनंतर याचे आश्चर्य आम्हांस वाटले नाही.

म्हणून कोणतेही ॲप वा वर्ग पुढे आला की आमचा पहिला प्रश्न एकच असतो : येथे हे चौदा नमुने कोठे आहेत? ते उघड मांडले असतील तर पुढे बोलू. लपविले असतील तर ते साधन चाकरीला ठेवावे, गुरूच्या आसनावर बसवू नये.

या कसोटीवर काही साधने पाहू. ज्यांच्या जाहिराती फार दिसतात त्यांपैकी बॅबेलमध्ये चेक भाषाच नाही, तेव्हा तो प्रश्न मिटला. ड्युओलिंगोमध्ये ती आहे, इंग्रजी जाणणाऱ्यांसाठी. तो अभ्यासक्रम मुळात स्वयंसेवकांनी रचला आणि त्यात श्रम दिसतात. वाक्ये सरळ आहेत, फुकट शिकता येते, आणि लाजाळू माणसाला चारचौघांत चुकण्याची भीती राहत नाही. परंतु सलग किती दिवस झाले याच्या मोजणीला तेथे जे महत्त्व आहे ते आम्हांस खटकते. 'रोबो' हा शब्द जगाला चेक भाषेने दिला, हे अनेकांना ठाऊक असेल. कारेल चापेक यांनी १९२० साली प्रसिद्ध केलेल्या 'आर. यू. आर.' या नाटकात तो प्रथम आला. तो सुचविला त्यांचे बंधू योसेफ यांनी, आणि त्याच्या मुळाशी 'रोबोता' म्हणजे वेठ हा शब्द आहे. रात्री साडेअकराला झोपेने डोळे मिटत असताना आकडा तुटू नये म्हणून सोप्यातला सोपा धडा पुन्हा एकदा करणारा विद्यार्थी पाहिला, म्हणजे वेठ कोण करीत आहे असा प्रश्न पडतो.

पिम्सलर ही नुसती श्राव्य पद्धती आहे. अर्ध्या अर्ध्या तासाचे तीस पाठ. तेवढ्यात भाषा येत नाही, आणि नियम तर तेथेही सांगत नाहीत. तरी उच्चारासाठी ते पाठ आम्ही उपयुक्त मानतो. चेक भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो आणि स्वराची दीर्घता कोठेही असू शकते. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे कानाने ऐकल्यावाचून साधत नाही. 'द्राहा' शब्दातील पहिला आकार लांबविला तर अर्थ लोहमार्ग. दुसरा लांबविला तर अर्थ प्रिय किंवा महाग. आपण लिहिताना ऱ्हस्वदीर्घाविषयी तक्रारी ऐकतो आणि बोलताना त्याकडे दुर्लक्ष करतो. तेथे ते चालत नाही. र आणि झ एकाच वेळी उच्चारावयाचा जो त्यांचा प्रसिद्ध ध्वनी आहे, त्याबाबतीत मात्र मराठी माणसालाही काही सवलत नाही.

अँकी नावाचे पाठांतराचे साधन या सर्वांहून रुक्ष दिसते आणि आमच्या मते सर्वांहून प्रामाणिक आहे. त्यात पत्ते आपण स्वतः करावयाचे. विसरावयाच्या सुमारास तो पत्ता पुन्हा समोर येतो. एका बाजूस 'शिक्षिकेला हाक मारा', दुसऱ्या बाजूस 'पानी उचितेल्को'. बक्षीस नाही, ढोल नाही. एखाद्या नामाच्या रूपाविषयी शंका आली तर चेक भाषा संस्थेची 'इंटरनेटोवा याझिकोवा प्रशीरुच्का' ही भाषापुस्तिका इंटरनेटवर विनामूल्य उघडी आहे. शब्द घातला की साती विभक्तींचे कोष्टक समोर येते. आमच्या पुतणीने दोन वर्षांत तिचे नावही ऐकले नव्हते.

पण या सर्वांना कणा हवा, आणि तो आम्हांस पुस्तकातच सापडला. लीदा होला यांचे 'चेस्की क्रोक झा क्रोकेम', म्हणजे 'पायरी पायरीने चेक', हे परदेशीयांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक विभक्ती लपवीत नाही आणि एकदम अंगावरही टाकीत नाही. त्याला जोडून आठवड्यातून एकदा पडद्यावर का होईना, हाडामांसाचा चेक शिक्षक असावा. त्याची फी जड वाटेल. परंतु पुस्तकातली ग्रांथिक भाषा आणि प्रागच्या रस्त्यावरची घरगुती भाषा यांत बरेच अंतर आहे. 'ओक्नो' म्हणजे खिडकी, ती बोहेमियातील घरात 'वोक्नो' होते, आणि ब्र्नोकडील बोलण्याची ढब आणखी निराळी. हे कोठे चालते व कोठे चालत नाही हे मनुष्यच सांगू शकतो. आम्ही वकिलीच्या आरंभी जुने दस्तऐवज वाचता यावेत म्हणून पोर्तुगीज शिकलो, कारण गोव्यातील घराण्यांचे व मालमत्तेचे कितीतरी प्रश्न १८६७ च्या पोर्तुगीज संहितेपर्यंत जाऊन पोहोचतात. एका वृद्ध गृहस्थांनी व्याकरणाचे जाड पुस्तक पुढ्यात ठेवून शिकविले. पुस्तकाने नियम दिला आणि त्यांनी त्या नियमाचा अपवाद कोणत्या गावच्या नोटरीच्या लेखणीत सापडेल ते सांगितले. दोन्ही लागतात.

आता पैशाची आणि कागदाची बाजू. एका दूरस्थ अभ्यासक्रमाची वर्गणी आम्ही एका महिन्यासाठी म्हणून भरली आणि पुढे ती आमच्या नकळत वर्षभर कापली जात राहिली. अट बारीक अक्षरांत होती आणि ती न वाचणारा इसम व्यवसायाने वकील होता. वाचकांनी आधी रद्द करण्याची पद्धत वाचावी, मग पहिला धडा वाचावा. दुसरे असे की ॲपाने शेवटी दिलेले प्रशस्तिपत्र घरातील भिंतीसाठीच ठीक. चेक देशात कायम निवासासाठी २०२१ च्या सप्टेंबरपासून ए-दोन या पातळीची परीक्षा लागते. त्यापूर्वी ए-एक पुरत असे. नागरिकत्वासाठी बी-एक पातळी आणि देशाच्या जीवनाविषयीची वेगळी चाचणी. तेथील सार्वजनिक विद्यापीठांत चेक माध्यमातून शिकणाऱ्याला, मग तो कोणत्याही देशाचा असो, शिक्षणशुल्क नाही. म्हणून विद्यार्थ्यांनाही या भाषेचा मोह पडतो, पण त्यांनाही भाषेची खरी तयारी दाखवावी लागते. निवासाच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चारही भाग असतात. नमुन्याच्या प्रश्नपत्रिका तेथील शासकीय संकेतस्थळावर फुकट मिळतात. कोणतेही ॲप विकत घेण्यापूर्वी त्यांतील एक सोडवून पाहावी, म्हणजे आपल्याला काय येत नाही ते कळते, आणि ते साधन नेमके तेच शिकविते का हे तपासता येते.

पुतणीची परीक्षा येत्या वसंतात आहे. तिने आकड्यांची ती माळ तोडली; पहिल्या रात्री फार चुकल्याचुकल्यासारखे झाले म्हणाली. आता दर रविवारी ती पुस्तकातील एक नमुना घोकून आम्हांस फोनवर म्हणून दाखविते आणि आम्ही हातातील कोष्टकाशी पडताळून पाहतो. गेल्या खेपेस 'कुर्झे' होते. बहुवचनात ती दोनदा अडखळली. मागून मुलगा बरोबर रूप सांगत होता.