रूपांतर की अर्थांतर?

इंग्रजीच्या तासाला एक प्रश्न हमखास येतो. 'बट' असलेले एक वाक्य द्यायचे आणि ते 'ऑल्दो' वापरून पुन्हा लिहायला सांगायचे. मग तेच 'इन स्पाइट ऑफ' वापरून. अट एकच, अर्थ बदलता कामा नये. मुले हा प्रश्न सूत्रासारखा पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरतात. या सूत्रात नेमके काय सुटून जाते, ते पाहू या.

आपल्याकडे हा प्रश्नप्रकार रुजवण्यात रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणाचा वाटा मोठा आहे. 1930च्या दशकात निघालेले हे पुस्तक आजही छापले आणि वापरले जाते. त्याची शिस्त नाकारण्याचे कारण नाही. जोडणाऱ्या उभयान्वयी अव्ययांचे ते चार गट करते, आणि त्यांतला एक विरोध दाखवणाऱ्यांचा. गंमत म्हणजे मराठी शालेय व्याकरणातही हेच चार कप्पे आहेत : समुच्चयबोधक, विकल्पबोधक, न्यूनत्वबोधक आणि परिणामबोधक. 'पण', 'परंतु' ही न्यूनत्वबोधक. कप्पे सोयीचे आहेत. आमची तक्रार अशी की 'विरोध' हा एकच शब्द लिहून कप्पा बंद केला जातो, आणि आत तीन वेगळ्या गोष्टी असतात हे शिक्षकालाही कळत नाही.

'बट' तीन प्रकारचे

विज्ञानाच्या पुस्तकात शोभतील अशी तीन वाक्ये घेऊ.

1. 'आयर्न सिंक्स, बट वुड फ्लोट्स.' लोखंड बुडते, पण लाकूड तरंगते.

2. 'व्हेल्स लिव्ह इन वॉटर, बट दे आर मॅमल्स.' देवमासे पाण्यात राहतात, पण ते सस्तन आहेत.

3. 'अ व्हेल इज नॉट अ फिश, बट अ मॅमल.' देवमासा हा मासा नसून सस्तन प्राणी आहे.

पहिल्यात दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून तुलना केली आहे. दुसऱ्यात अपेक्षाभंग आहे. पाण्यात राहतो तो मासा असणार, ही मनातली समजूत दुसरे उपवाक्य खोडते. तिसऱ्यात दुरुस्ती आहे. एक विधान काढून त्या जागी दुसरे बसवले आहे. पहिल्या दोहोंतला फरक रॉबिन लॅकॉफ यांनी 1971 मध्ये स्पष्ट मांडला. तिसरा तर काही भाषा शब्दानेच वेगळा करतात. जर्मनमध्ये 'आबर' आणि 'झोंडर्न', स्पॅनिशमध्ये 'पेरो' आणि 'सिनो' अशा जोड्या आहेत. मराठीही मागे नाही, आपल्याकडे 'पण' आहे आणि 'नसून' आहे.

आता सूत्र लावून पाहा. दुसरे वाक्य 'ऑल्दो'ने सहज बदलते. पहिले बदलले तर 'लोखंड बुडत असले तरी लाकूड तरंगते' असा चमत्कारिक अर्थ निघतो, जणू लोखंडाकडे पाहून लाकडानेही बुडायला हवे होते. तेथे 'व्हाइल' किंवा 'व्हेअरअ‍ॅज' चालते. तिसऱ्याला 'ऑल्दो' लावताच येत नाही. म्हणजे हे रूपांतर तीनपैकी एकाच प्रकाराला लागू आहे. हे मुलांना सांगितलेच जात नाही.

पारडे कोणते जड?

'शाळा दूर आहे, पण चांगली आहे' असे म्हणणारा पालक बहुधा मुलाचे नाव घालणार. 'शाळा चांगली आहे, पण दूर आहे' म्हणणारा नाही घालणार. शब्द तेच, माहितीही तीच. 'पण'नंतर जे येते त्याचे पारडे जड होते. इंग्रजी 'बट'चेही तसेच आहे. 'ऑल्दो' मात्र ज्या उपवाक्याला चिकटतो ते हलके करतो. म्हणून तो 'बट'च्या आधीच्या उपवाक्यालाच लावायचा. मूल तो दुसऱ्या उपवाक्याला लावते तेव्हा व्याकरण शुद्ध राहते आणि निष्कर्ष उलटा होतो. तुलनेच्या पहिल्या प्रकारात असे घडत नाही. तेथे बाजू बदलल्या तरी बिघडत नाही. प्रकार ओळखण्याची ही सोपी कसोटीही आहे.

सर्वनाम आणि क्रियापद

'ऑल्दो ही वॉज इल, रमेश केम.' यात 'ही' म्हणजे रमेशच असू शकतो. 'ही वॉज इल, बट रमेश केम.' आता आजारी कोणी दुसराच आहे. मराठीतही 'तो आजारी होता, पण रमेश आला' म्हटल्यावर दोन माणसे डोळ्यांपुढे येतात. गौणवाक्यातले सर्वनाम पुढे येणाऱ्या नामाकडे बोट दाखवू शकते. समान दर्जाच्या दोन वाक्यांत पहिल्यातल्या सर्वनामाला सहसा ती मुभा नसते. तेव्हा रूपांतर करताना नाम आणि सर्वनाम यांच्या जागा तपासायलाच हव्यात. एरवी माणूसच बदलतो.

'इन स्पाइट ऑफ' हे उभयान्वयी नव्हे, शब्दयोगी अव्ययासारखे आहे, फक्त ते नामाच्या आधी येते. त्याच्यापुढे नाम किंवा '-इंग' रूप लागते, पूर्ण वाक्य चालत नाही. 'इन स्पाइट ऑफ बीइंग इल' हे आपल्या 'आजारी असूनही'चे जवळचे भावंड. क्रियापदाचा काळ पुसला जातो आणि तो प्रधान वाक्यावरून समजून घ्यायचा असतो. कर्ताही तेथूनच येतो. मराठीत 'पाऊस पडत असूनही रमेश आला' असा वेगळा कर्ता चालतो. म्हणून मुले 'इन स्पाइट ऑफ बीइंग रेनिंग' लिहितात. तेथे 'इन स्पाइट ऑफ द रेन' असे साधे नाम पुरते.

दुसरी नेहमीची चूक 'आयर्न सिंक्स, बट वुड नॉट' ही. मराठीत 'लोखंड बुडते, लाकूड नाही' हे पूर्ण वाक्य आहे, कारण 'नाही' स्वतःच क्रियापदाचे काम करते. इंग्रजी 'नॉट'ला येथे आधाराला सहाय्यक क्रियापद लागते, म्हणून 'वुड डझन्ट'.

आणि सर्वांत प्रसिद्ध चूक, 'ऑल्दो' आणि 'बट' एकाच वाक्यात. ही निष्काळजीपणाची चूक नाही. 'तो आजारी असला तरी आला' यात 'तरी' बरोबर मधोमध उभा आहे. 'जरी' गाळता येतो, 'तरी' सहसा गाळता येत नाही. मूल मधल्या त्या 'तरी'चे भाषांतर 'बट' असे करते. लाल रेघ मारण्याऐवजी एवढे समजावले तर ती चूक पुन्हा होण्याची शक्यता कमी.

विज्ञानशिक्षकाने हे का वाचावे?

विज्ञानात चुकीची समजूत दूर करणारी वाक्ये बहुधा याच घडणीची असतात. सेमी-इंग्रजी वर्गातल्या मुलाला ती इंग्रजीतून वाचावी लागतात. उन्हाळा येतो तो पृथ्वी सूर्याजवळ जाते म्हणून नव्हे, तर तिचा अक्ष सुमारे 23.5 अंशांनी कललेला आहे म्हणून. इंग्रजीत हे 'नॉट बिकॉज… बट बिकॉज' असे येते. 'बट' म्हणजे विरोध एवढेच ठाऊक असलेल्या मुलाला दोन 'बिकॉज' दिसतात आणि ते दोन्ही कारणे लिहून मोकळे होते. वाक्याने जी समजूत खोडली, तीच उत्तरपत्रिकेत येते. आपण म्हणतो, याला भूगोल कळला नाही. कदाचित त्याला दुरुस्तीचा 'बट' कळलेला नसतो.

पुढचे वाक्य दुसऱ्या प्रकारचे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, म्हणजे सर्वांत जवळ असते, तरी आपल्याकडे थंडी असते. जुलैच्या सुरुवातीला हे अंतर सुमारे 15.2 कोटी किलोमीटर होते. येथे 'ऑल्दो' शोभतो, कारण येथे एक अपेक्षा मोडते. कोणती अपेक्षा, हे मुलांकडून काढून घेतले की निम्मा धडा झाला.

रूपांतराचा प्रश्न काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याआधी तीन प्रश्न विचारावेत : ही तुलना आहे, अपेक्षाभंग आहे की दुरुस्ती? पारडे कोणत्या बाजूला झुकते? आणि 'ही', 'शी', 'इट' म्हणजे कोण? उत्तरे मराठीत दिली तरी हरकत नाही. 'पण', 'तरी' आणि 'नसून' यांतला फरक प्रत्येक मूल घरून शिकून आलेले असते. इंग्रजीच्या तासाला त्याची आठवण करून देणे, हे आपले काम.