सज्जनांचे दुःख : ‘फायरफ्लाय’ आणि ‘सेरेनिटी’

बाणभट्टाची ‘कादंबरी’ अपुरी राहिली व ती त्याच्या पुत्राने पुरी केली, हे आपण सारेच जाणतो. पुत्राने उत्तरार्धाच्या आरंभी एक खुलासा केला आहे. कथा मध्येच तुटल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे काम हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो सांगतो. त्याच्या पितृभक्तीचे कौतुक करूनही वर्गात आपण शिकवितो तो बहुधा पूर्वार्धच. परंतु त्या खुलाशातील ‘सज्जनांचे दुःख’ या शब्दांपाशी प्रस्तुत लेखकाचे मन नेहमी घोटाळते. असमाप्त कलाकृतीमुळे रसिकाला होणारे दुःख नेमके कशाचे असते? गोष्टीचा शेवट कळला नाही याचे, की गोष्टीतील माणसांचा सहवास सुटला याचे? आणि ते दुःख दूर करावयाचे म्हणून जी पूर्ती लिहिली जाते, तिने ते खरोखर दूर होते काय?

हा प्रश्न आपल्या काळात ज्या प्रकरणाने स्पष्टपणे पुढे आणला, ते अमेरिकेत दूरचित्रवाणीच्या क्षेत्रात घडले. साहित्यविषयक नियतकालिकात मालिकेची चर्चा कशासाठी, अशी शंका काही सभासदांना येणे शक्य आहे. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही ‘करमणूक’मधून क्रमशः प्रसिद्ध झाली होती, एवढे स्मरण त्यांना पुरे व्हावे. क्रमशः येणाऱ्या कथेचा वाचक आणि मालिकेचा प्रेक्षक हे एकाच कुळातले होत.

जॉस व्हीडन यांनी निर्माण केलेली ‘फायरफ्लाय’ ही विज्ञानकथात्मक मालिका फॉक्स वाहिनीवर २० सप्टेंबर २००२ रोजी सुरू झाली. काळ सव्विसाव्या शतकाचा आहे. मानवजात पृथ्वी सोडून दुसऱ्या सूर्यमालेत वसली आहे. मधले ग्रह संपन्न आणि ‘अलायन्स’ नामक मध्यवर्ती सत्तेच्या अमलाखाली आहेत. कडेचे ग्रह धुळीचे, दरिद्री, घोड्यांवरून व्यवहार चालणारे. या कडेच्या लोकांनी स्वातंत्र्यासाठी केलेले युद्ध ते हरले, त्याला सहा वर्षे लोटली आहेत. त्या युद्धातील एक पराभूत सैनिक, माल्कम रेनॉल्ड्स, एक जुनाट मालवाहू यान घेतो आणि ज्या खोऱ्यात त्याचा पराभव झाला त्या खोऱ्याचेच नाव यानाला देतो : सेरेनिटी. पराभवाच्या ठिकाणी घर करून राहणारा हा नायक आहे. यानावर नऊ माणसे आहेत. युद्धातील त्याची सहकारी झोई व तिचा पती, यानचालक वॉश. यंत्रे सांभाळणारी केली. पैशासाठी लढणारा जेन. इनारा ही गणिका. बुक नावाचा धर्मोपदेशक. आणि सरकारी प्रयोगांतून सुटलेली रिव्हर व तिचा भाऊ, डॉक्टर सायमन. (गणिका हा शब्द येथे जाणूनबुजून वापरला आहे. त्या जगातील इनाराची प्रतिष्ठा इंग्रजी वाचकाला पटवून द्यावी लागते. ‘मृच्छकटिका’तील वसंतसेना ज्याने वाचली आहे त्याला ती चटकन कळेल.)

या मालिकेचे दुर्दैव पहिल्याच दिवशी सुरू झाले. दोन तासांचा आरंभीचा भाग वाहिनीला संथ व उदास वाटला. त्याऐवजी व्हीडन आणि टिम मिनिअर यांनी एका शनिवार-रविवारात लिहून काढलेला आगगाडी लुटण्याचा भाग प्रथम दाखविण्यात आला. मूळचा आरंभ प्रेक्षकांनी पाहिला तो २० डिसेंबर २००२ रोजी, मालिका बंद करण्याचा निर्णय झाल्यानंतर. म्हणजे नाटकाची नांदी भरतवाक्याच्या जागी म्हटली गेली. एकूण १४ भाग तयार झाले होते. त्यांपैकी ११ च त्या वेळी प्रक्षेपित झाले. ‘ब्राउनकोट’ हे कथेतील पराभूत सैनिकांचे नाव चाहत्यांनी स्वतःस लावून घेतले, वर्गणी काढून ‘व्हरायटी’ या व्यवसायपत्रात जाहिरात दिली, आणि मालिका वाचविण्याची खटपट केली. ती वाया गेली. परंतु २००३ च्या डिसेंबरात डीव्हीडीवर सर्व भाग योग्य क्रमाने बाहेर आले, ते इतके खपले की युनिव्हर्सल या चित्रसंस्थेने पुढील कथेचा चित्रपट करावयास मान्यता दिली. हाच ‘सेरेनिटी’. तो ३० सप्टेंबर २००५ रोजी प्रदर्शित झाला. खर्च सुमारे ३ कोटी ९० लाख डॉलर. जगभरातील तिकीटविक्री जेमतेम ४ कोटी. व्यवहाराच्या दृष्टीने तो अपयशीच म्हणावा लागेल. दुसऱ्या वर्षी त्याला विज्ञानकथेचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, ही गोष्ट वेगळी.

येथवरची हकीकत सर्वमान्य आहे. वाद सुरू होतो तो चित्रपट पाहून बाहेर आलेल्या चाहत्यांमध्ये, आणि तो अजून मिटलेला नाही. एका पक्षाला हा चित्रपट म्हणजे मालिकेचे सार्थक वाटते. दुसऱ्या पक्षाच्या मते मालिका २००२ साली वाहिनीने मारली ती एकदा, आणि २००५ साली खुद्द निर्मात्याने मारली ती दुसऱ्यांदा.

या दुसऱ्या पक्षाचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे वॉशच्या मृत्यूविषयी आहे. प्रसंग असा : शत्रूंच्या भीषण ताफ्यातून वाट काढीत वॉश मोडकळलेले यान कसेबसे खाली उतरवितो. सर्वजण सुटकेचा श्वास टाकतात. त्याच क्षणी काच फोडून एक भाला आत घुसतो आणि वॉश बसल्या जागी मरतो. त्याला अखेरचे भाषण नाही, निरोप नाही, मरणाला हेतूही नाही. झोईला रडावयास सवड मिळत नाही; तिला ओढून न्यावे लागते. यानंतर अंतिम लढाईत प्रत्येक पात्राच्या जीवाविषयी प्रेक्षकाला खरी भीती वाटावी म्हणून हे मरण घातले, असे त्याचे समर्थन केले जाते. हा युक्तिवाद खोटा नाही. त्या क्षणापर्यंत प्रेक्षकाचा एक गुप्त करार असतो की मुख्य माणसांना काही होणार नाही. तो करार तेथे फाटतो, आणि पुढची वीस मिनिटे आपण अगदी निराळ्या मनःस्थितीत पाहतो. भयानक रसाच्या परिपोषासाठी याहून प्रभावी विभाव सापडणे कठीण.

तरीसुद्धा गाऱ्हाणे करणाऱ्यांच्या म्हणण्यात एक गोष्ट अशी आहे की जी समर्थकांनी नीट ऐकलेली दिसत नाही. ज्याने मालिका पाहिलेली नाही, त्याला चित्रपटात वॉश किती भेटतो? चार-दोन विनोद आणि काही उड्डाणे, एवढाच. अशा प्रेक्षकाला भाला घुसताना धक्का बसेल, पण शोक होणार नाही. शोक होतो तो ज्याने चौदा भागांत वॉशला खेळण्यातल्या डायनोसॉरांशी बोलताना, बायकोच्या कप्तानावरील निष्ठेचा हेवा करताना, आणि त्या हेव्याची स्वतःच थट्टा करताना पाहिले आहे त्याला. चित्रपटाने खर्च केलेली ही पुंजी चित्रपटाची नव्हती. ती मालिकेने साठविली होती, आणि ती ज्यांच्यापाशी ठेवलेली होती त्या रसिकांना न विचारता खर्च झाली. हा अन्याय आहे असे मी म्हणणार नाही, कारण लेखकाला त्याच्या पात्रांवर हा अधिकार असतोच. परंतु या मरणाचा रस ज्यांच्यामुळे निष्पन्न झाला त्यांनाच ‘भावुक’ म्हणून हिणविणे रसचर्चेच्या दृष्टीने असमंजसपणाचे आहे.

मालिका आणि चित्रपट या दोन जाती मुळातच भिन्न आहेत, हे ध्यानी घेतले म्हणजे बऱ्याच वादांचा उलगडा होतो. मालिकेचा प्राण सहवास हा आहे, चित्रपटाचा घटना. ‘आउट ऑफ गॅस’ हा मिनिअर यांनी लिहिलेला भाग पाहावा. यानातील प्राणवायू संपत आला आहे, सर्वांना पाठवून कप्तान एकटा जखमी अवस्थेत मागे राहिला आहे, आणि तीन काळ एकमेकांत गुंफून कथा पुढे जाते : आत्ताचा क्षण, काही तासांपूर्वीचा अपघात, आणि काही वर्षांपूर्वी एकेक माणूस या यानावर कसा आला ती हकीकत. शेवटी आपण भंगारवजा यानांच्या बाजारात असतो. विक्रेता एका चांगल्या यानाचे गुण सांगत आहे आणि कप्तानाची नजर मात्र त्याच्या पलीकडे, कोपऱ्यात पडलेल्या दुसऱ्याच यानावर खिळली आहे. या भागात जग वाचत नाही, सत्ता उलथत नाही. नऊ माणसे एकत्र का राहतात, एवढेच कळते. असा भाग दोन तासांच्या चित्रपटात बसविता येत नाही. त्याला पाच-सात आठवड्यांची ओळख मागे असावी लागते.

चित्रपटाला घटना हवी होती, आणि ती व्हीडन यांनी मोठ्या धाडसाने शोधली. मालिकेत ‘रीव्हर’ नावाचे नरभक्षक टोळीवाले येतात. ते कोण याचे उत्तर तेथे दिलेले नाही. अवकाशाच्या काठावर जाऊन शून्याकडे पाहिल्याने वेडावलेली माणसे, अशी एक समजूत तेवढी सांगितली जाते. चित्रपटात मिरांडा या ग्रहाचा शोध लागतो. तेथे सरकारने प्रजेतील आक्रमकता घालविण्यासाठी हवेत एक औषध सोडले. लोक इतके शांत झाले की त्यांनी काम, अन्न, श्वास घेणेही सोडले व तीन कोटी माणसे बसल्या जागी मेली. हजारात एखाद्यावर मात्र औषधाचा उलटा परिणाम झाला, आणि ते रीव्हर झाले. काही चाहत्यांना यामुळे गूढ नष्ट झाल्याचे वाईट वाटते. त्यांच्याशी माझे मन जुळत नाही. शून्याने वेड लागते ही कल्पना काव्यमय खरी, पण तिच्यात कोणी जबाबदार नसतो. मिरांडाने राक्षसांना पितृत्व दिले, आणि ते पितृत्व माणसांना सुधारू पाहणाऱ्या सद्भावनेकडे गेले. चिवेटेल इजिओफर यांनी रंगविलेला सरकारी मारेकरी हा त्या सद्भावनेचाच मूर्त अवतार आहे : सौम्य, सुसंस्कृत, आणि आपण घडवीत असलेल्या निष्पाप जगात आपल्यालाच स्थान नाही हे ओळखून असलेला. मालिकेत निळे हातमोजे घालून येणारी जी भयप्रद जोडगोळी होती, तिच्यापेक्षा हा प्रतिनायक कितीतरी वरच्या दर्जाचा आहे.

मात्र या लाभाची किंमत पडली आहे. मालिकेतील सत्ता सरसकट दुष्ट नव्हती. ती दूरची, कारकुनी, कधी उपयुक्तही होती. चित्रपटात ती अपराधी ठरली, आणि त्याबरोबर कप्तानाचा पराभव एकाएकी नैतिक विजयासारखा दिसू लागला. ही बाब वाटते तितकी निरुपद्रवी नाही. गेटिसबर्गच्या लढाईवरील मायकेल शारा यांची ‘द किलर एंजल्स’ ही कादंबरी वाचून व्हीडन यांना या मालिकेची कल्पना सुचली होती. अमेरिकन यादवी युद्धातील पराभूत पक्ष गुलामगिरीच्या रक्षणासाठी लढत होता. त्याच्या पराभवाची करुणा तेवढी उचलून कारण मागे ठेवावयाचे, ही क्लृप्ती अनेक विचारी चाहत्यांना खटकली आहे, आणि ती खटकावी हेच योग्य. पात्रे चिनी भाषेत शिव्या देतात, संस्कृती अर्धी चिनी सांगितली जाते, आणि यानावरील नऊ जणांत चिनी वंशाचा नट एकही नाही, हा आक्षेपही तितकाच बिनतोड आहे.

बाकीची गाऱ्हाणी किरकोळ आहेत. मालिकेत सायमन पैसे देऊन बहिणीची सुटका करवितो, चित्रपटात स्वतः वेषांतर करून जातो. ही विसंगती आहे, पण चित्रपटाच्या आरंभाला तिने गती दिली. बुकचा भूतकाळ न सांगताच त्याला मारले, ही तक्रार मात्र मला आवडते, कारण तिच्यात तक्रार करणाराचे प्रेम दिसते. पुढे २०१० साली चित्रकथेच्या रूपाने तो भूतकाळ सांगण्यात आला. रॉन ग्लास यांच्या चेहऱ्यावर जे न सांगता दिसत होते, ते सांगून झाल्यावर काही फार वाढले असे नाही.

चाहत्यांच्या दुःखाचे पुढे काय झाले, हे सांगणे प्रस्तुत विषयाला सोडून होणार नाही. २००६ पासून त्यांनी ठिकठिकाणी चित्रपटाचे खेळ करून त्यांचे उत्पन्न स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या ‘इक्वॉलिटी नाऊ’ या संस्थेला देण्यास सुरुवात केली. २००७ साली स्टीव्हन स्वॉन्सन या अंतराळवीराने मालिका व चित्रपट यांच्या डीव्हीडी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर नेऊन ठेविल्या. आणि २०२०-२१ मध्ये व्हीडन यांच्याबरोबर अन्य कामांत असलेल्या कलावंतांनी त्यांच्या वागणुकीविषयी जाहीर तक्रारी केल्या, तेव्हा याच चाहत्यांना निर्मात्यापासून निर्मिती वेगळी करून पाहण्याचे कष्टाचे काम करावे लागले. ज्याने आपले दुःख दूर केले तोच असा निघाला, तर त्याने दिलेल्या पूर्तीचे काय करावयाचे? बाणपुत्राच्या वाचकांवर ही पाळी आली नव्हती.

चित्रपटाच्या शेवटाकडे वळतो. मेलेल्यांना मूठमाती दिली आहे, यान दुरुस्त झाले आहे. कप्तान झोईला यानाची स्थिती विचारतो. ते बरेच फाटले आहे पण सरळ उडेल, अशा अर्थाचे उत्तर ती देते, आणि ती यानाविषयी बोलत आहे की स्वतःविषयी, हे कप्तान विचारीत नाही. मग वॉशच्या आसनावर तो बसतो. शेजारी रिव्हर आहे. पावसातून यान वर चढते, ढगांपलीकडे जाते, आणि त्याच वेळी त्याचा एक पत्रा निखळून आपल्या अंगावर येतो. कप्तान विचारतो, हे काय होते?