‘जी-१’ची उपेक्षा

आपल्याकडील विमानविद्येचा इतिहास सांगूं लागलेला मराठी लेखक बहुधा चौपाटीवरून निघतो. शिवकर बापूजी तळपदे यांच्या ‘मरुत्सखा’नें १८९५ सालीं आकाशांत झेप घेतली ही कथा त्यास इतकी प्रिय असते, कीं तिला पुरावा काय हें विचारण्याचें भान त्यास राहत नाहीं. तेथून तो थेट शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४० च्या डिसेंबरांत बंगळूरास काढलेल्या कारखान्यांत शिरतो, आणि १९५१ सालीं उडालेल्या ‘एच. टी. २’ ह्या शिकाऊ वैमानिकांच्या विमानाचा जयजयकार करून लेखणी खालीं ठेवतो. मधली एक पायरी त्याच्या पायाखालून निसटते. ती म्हणजे त्या कारखान्यांत युद्धकाळांत बनलेलें ‘जी-१’ हें दहा आसनांचें लष्करी ग्लायडर. आमच्या मतें ह्या सर्व कथाभागांत खरा रस तेथेंच आहे.

त्याचे कर्ते डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. गटिंगेन येथें लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखालीं अभ्यास करून त्यांनीं १९३६ सालीं डॉक्टरेट मिळविली. व्हर्सायच्या तहानें विमानांवर निर्बंध आले, तेव्हां जर्मन तरुण बिनइंजिनाच्या ग्लायडरांकडे वळले होते. १० मे १९४० रोजीं जर्मनीनें अशाच ग्लायडरांतून बेल्जममधील एबन-एमाएल किल्ल्याच्या माथ्यावर शिपाई उतरविले. दुसऱ्या विमानानें दोरानें ओढून न्यावें, वेळ येतांच दोर सुटावा, आणि पुढें गाजावाजा न होतां शत्रूच्या अंगणांत उतरावें, अशी ती युक्ति. इंजिनासाठीं परदेशाच्या तोंडाकडे पाहणाऱ्या देशास याहून समंजस आरंभ कोणता? गुरूच्या देशाशीं चाललेल्या युद्धासाठीं शिष्यानें असें यान आंखावें, हा प्रसंग नाटकांत येता तर आम्हीच त्यास ओढूनताणून आणलेला म्हटलें असतें!

‘जी-१’चें उत्पादन मात्र झालें नाहीं. १९४२ त सरकारनें वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. १९४३ त कारखाना अमेरिकन सैन्याच्या व्यवस्थेखालीं गेला आणि तेथें मुख्यतः विमानांची दुरुस्ती होऊं लागली. एवढ्यावरून ‘जी-१’ला फसलेला खटाटोप म्हणून वगळणें आम्हांस मान्य नाहीं. अशा यानाची गरज संपली होती असें तरी कोठें झालें? ५ मार्च १९४४ च्या रात्रीं विंगेटचे सैनिक आसामांतील लालाघाटाहून ब्रह्मदेशांत उतरले, ते ग्लायडरांतूनच. कित्येकांचे दोर वाटेंतच तुटले. तीं ग्लायडरें अमेरिकेंत बांधलेलीं होतीं.