जगात वावरण्याचा हक्क: टेनब्रोक यांचा निबंध तंजावरच्या बांधावरून वाचताना

जेकोबस टेनब्रोक (१९११–१९६८) हे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले अंध प्राध्यापक आणि राज्यघटनेचे अभ्यासक. अमेरिकेतल्या अंधांचा राष्ट्रीय महासंघ त्यांनी १९४० साली उभारला. त्यांचा ‘द राइट टू लिव्ह इन द वर्ल्ड’ हा निबंध १९६६ साली ‘कॅलिफोर्निया लॉ रिव्ह्यू’मध्ये आला. कायद्याचे विद्यार्थी तो वाचतातच. मी स्थापत्यच्या मुलांनाही वाचायला सांगतो, कारण त्यात रस्ते आहेत, खड्डे आहेत.

प्रश्न साधा आहे. रस्ता खणलेला होता, अंध माणूस त्यात पडला, चूक कोणाची? ‘एकट्याने बाहेर पडावेच कशाला,’ हे जुने उत्तर. टेनब्रोक इथे सरकारचीच विसंगती पकडतात. एकीकडे अंधांनी शिकावे, कामाला लागावे म्हणून सरकार खर्च करते. दुसरीकडे तो कामाला निघाला आणि पडला, तर न्यायालय त्याचाच निष्काळजीपणा शोधते. वावरण्याचा हक्क मान्य असेल तर इथून अंध माणूस जाणारच, हे खणणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे.

याच सुमाराचा ‘हेली विरुद्ध लंडन इलेक्ट्रिसिटी बोर्ड’ हा खटला सोबत वाचावा. कामगारांनी फूटपाथवर चर खणला आणि अडसर म्हणून लांब दांड्याचा धुमस तिरका टेकवून ठेवला. पांढरी काठी घेऊन कामावर निघालेले हेली त्याला अडखळून पडले. त्यांची श्रवणशक्ती जवळजवळ गेली. १९६४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने बोर्डाला जबाबदार धरले. टपाल खाते अशा ठिकाणी काठीला लागेल असे दोन फूट उंचीचे हलके कुंपण लावत असे, हे पुराव्यात आले होते. म्हणजे उपाय महाग नव्हता. आमची मुले साइट-सुरक्षेच्या आकृतीत चराभोवती लाल-पांढरी फीत काढतात. ती दिसते फक्त डोळसांना.

मात्र निबंधाची मर्यादा मला कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात जाणवते. टेनब्रोक यांच्या युक्तिवादाला फूटपाथ लागतो, वकील लागतो आणि नुकसानभरपाई देणारा प्रतिवादी लागतो. इथे मेट्टूरचे पाणी सुटण्याआधी कालव्यांतला गाळ काढतात आणि तो काठावरच टाकतात. गावाची पायवाटही तीच. तिथे पडलेल्याने दावा कोणावर लावायचा? खात्यावर, ठेकेदारावर, की पंचायतीवर?

भारतात हा विचार बहुतेक रिट याचिकांतून पुढे सरकला, आणि तोही अडखळत. तामिळनाडूत दिवाणी न्यायाधीशपदासाठी अंशतः अंध उमेदवाराला ४० ते ५० टक्के अपंगत्वाची मर्यादा होती, ७० टक्के असलेल्या वकिलाला डावलणे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली ग्राह्य धरले (व्ही. सुरेंद्र मोहन). पुन्हा तेच: ‘यावेच कशाला?’ २०२१ च्या विकास कुमार निकालाने त्यावर टीका केली, कारण २०१६ च्या कायद्यातील वाजवी सोयीसुविधांचे तत्त्व त्यात विचारातच घेतले नव्हते. दृष्टिदोषामुळे न्यायिक सेवेचे दार बंद करता येणार नाही, हे मार्च २०२५ मध्ये स्पष्ट झाले. दरम्यान, २०२४ च्या राजीव रतुरी निकालाने सुगम्यतेची मानके सक्तीची हवीत असे ठरवले. टेनब्रोक यांच्यापेक्षा हे पाऊल मला पुढचे वाटते: माणूस पडण्याची वाट पाहावी लागत नाही.

स्वाध्याय: आपल्या गावातील एका कालव्याच्या काठाचे २०० मीटर मोजा. काठीला काय लागते आणि काय लागत नाही, ते नकाशावर दाखवा.