भूमध्यसागरी आहार : एका प्रयोगाचे मूल्यमापन

दीर्घकालीन आरोग्यास कोणता आहार हितकर, या वादात भूमध्यसागरी आहाराचे पुरस्कर्ते स्पेनमधील 'प्रेडिमेड' प्रयोगाचा दाखला देतात. हृद्रोगाचा धोका अधिक असलेल्या, परंतु तो रोग न जडलेल्या ७४४७ स्त्रीपुरुषांचे तीन गट करण्यात आले. हा आहार घेणाऱ्या दोन गटांपैकी एकास ऑलिव्ह तेल, दुसऱ्यास अक्रोड, बदाम इत्यादी पुरविण्यात आले. तिसऱ्यास स्निग्ध पदार्थ कमी करण्याचा सल्ला मिळाला. सुमारे पाच वर्षांच्या अवलोकनान्ती, २०१३ साली, पहिल्या दोन गटांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृद्रोगजन्य मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी असल्याचे प्रसिद्ध झाले.

२०१८ साली मूळ निबंध मागे घ्यावा लागला. काही ठिकाणी एकाच घरातील व्यक्ती एकाच गटात घातल्या होत्या. एका केंद्रात तर व्यक्तींऐवजी चिकित्सालयांचीच विभागणी झाली होती. फेरमांडणीत निष्कर्ष बहुतांशी टिकला, हे मान्य केले पाहिजे. तथापि खरी उणीव निराळीच आहे. तिसऱ्या गटाच्या आहारातील स्निग्धांश फारसा घटलाच नाही. सबब, अल्पस्निग्ध आहारापेक्षा हा आहार श्रेष्ठ, असे अनुमान या तुलनेतून निघत नाही. शिवाय लाभ प्रामुख्याने पक्षाघातापुरता दिसला; एकूण मृत्युसंख्येत निश्चित फरक आढळला नाही.

पक्षाघात टळणे हा लाभ अल्प नव्हे. परंतु जो आहार प्रत्यक्षात कोणी घेतलाच नाही, त्याच्या पराभवाचा तो पुरावा ठरत नाही. आहारांची तुलना करणाऱ्याने दिलेल्या सल्ल्याची नव्हे, तर सेवन केलेल्या अन्नाची प्रथम नोंद पाहावी.