तांबडी आठशे : एक रसग्रहण

जुन्या गाडीचा रंग वाचायचा तर टपापासून सुरुवात करावी. बॉनेटवर मालकाचा सारखा हात फिरलेला असतो, कुणी टचअप केलेला असतो, कुणी घाईत पॉलिश मारलेलं असतं; तिथला मजकूर भेसळीचा. टपाकडे कुणी फिरकत नाही. तिथे वर्षानुवर्षं लिहीत असतं ते फक्त ऊन.

ज्या गाडीविषयी लिहितोय ती विट्यातल्या एका गलाई कुटुंबाची तांबडी मारुती ८००, १९९०च्या दशकातली. १४ डिसेंबर १९८३ रोजी या मॉडेलची पहिली किल्ली इंदिरा गांधींच्या हातून एका ग्राहकाला मिळाली आणि २०१४च्या सुरुवातीला उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत देशातल्या कितीतरी घरांची पहिली चारचाकी हीच होती. या घराचीही. दुष्काळानं खानापूर, आटपाडी, तासगाव, माण, खटाव भागातली हजारो माणसं सोन्याचांदीच्या गलाईला देशभर पसरली. त्यांतलेच हे एक आबा, केरळात दुकान थाटलेले. गाडी मात्र विट्याच्या अंगणात, कव्हराखाली. दसऱ्याला माणसं गावी येतात, रेवणसिद्धाच्या पालख्यांची शर्यत होते, अंगणाबाहेर परराज्यांच्या नंबरपाट्यांच्या नव्या गाड्या लागतात. अशा वेळी कव्हर निघतं आणि आठशे उघडी पडते.

टप गुलाबी झालाय. हा गुलाबी कुणी लावलेला नाही. रंगाचे कण एकमेकांना धरून ठेवणारी राळ उन्हातल्या अतिनील किरणांनी तुटते, वरचा थर भुसभुशीत होतो आणि बोट फिरवलं की तांबूस भुकटी बोटाला येते. अशा खडबडीत पृष्ठावर पडलेला उजेड दाही दिशांना विखुरतो. तो पांढरा विखुरलेला उजेड तांबड्यात मिसळला की आपले डोळे त्याला गुलाबी म्हणतात. शिवाय तांबडी रंगद्रव्यं स्वतःही उन्हापुढे लवकर हरतात. म्हणून एकाच वयाच्या पांढऱ्या आणि तांबड्या गाड्या शेजारी लावल्या, तर तांबडी दहा वर्षांनी थोरली वाटते.

आता त्याच टपावर तांब्याभर पाणी ओता. ओलं आहे तेवढा वेळ मूळचा तांबडा परत येतो, चांगला गडद, डाळिंबी. पाण्यानं खाचखळगे भरले, पृष्ठ सपाट झालं, उजेड एका दिशेला परतू लागला. बाकी काही नाही. मला या वाचनातली ही सर्वांत देखणी जागा वाटते. हरवलेला रंग कुठे गेलेलाच नव्हता, हे तांब्याभर पाण्यात सिद्ध होतं. स्टँडवरचे जुने ड्रायव्हर डिझेलचा बोळा फिरवतात तेव्हा हीच युक्ती करत असतात, फक्त पाण्याऐवजी तेल. पण ते टाळीचं वाक्य. दोन दिवस गाडी चमकते, तिसऱ्या दिवशी खानापूरच्या माळावरची सगळी धूळ त्या तेलाला येऊन चिकटते.

बारावीच्या पेपरात रसग्रहणाला आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्यं अशी ठरीव खोकी असतात आणि पोरं ती इमानेइतबारे भरतात. गाडीच्या रंगाला ती खोकी लागू पडत नाहीत. इथे आधी हात लागतो, डोळा मागून.

म्हणजे असं. गाडी सकाळी, ऊन चढायच्या आत, सावलीत धुवायची. विट्यातलं बोअरचं पाणी जड; पत्र्यावर वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं उमटतात, म्हणून लगेच टिपून घ्यायचं. मग हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून बोटं फिरवायची. डोळ्यांना स्वच्छ दिसणारा पत्रा पिशवीखाली रवाळ लागतो. गळीत हंगामात उडालेली कारखान्याची राख, ब्रेकमधून उडालेला लोखंडी कीस, झाडाचा चीक, असं काय काय रंगात रुतून बसलेलं असतं. साबणाच्या पाण्यावर क्लेची वडी हलक्या हातानं सरकवली की ते वडीत उतरतं. वडी खाली पडली तर मोह न ठेवता टाकून द्यायची. तिला चिकटलेला अंगणातला एक खडा सगळ्या बॉनेटवर रेघोट्या ओढतो.

यानंतर रबिंग. आबांनी स्वतःच घेतलं हातात, गॅरेजला द्यायला तयार नव्हते. आधी दाराच्या खालच्या कोपऱ्यात वीतभर जागा करून पाहिली. कंपाऊंडचा थेंब, मऊ पॅड, दीड-दोन फुटांचा चौकोन, हात सरळ रेषेत, गोल नाही. जरा वेळात पॅड तांबडं झालं. त्यावरून कळतं की या गाडीच्या रंगावर पारदर्शक लॅकरचा वेगळा थर नाही, रंग तोच वरचा थर. हल्लीच्या गाड्यांवर असा थर असतो, त्यामुळे पॅड पांढरंच राहतं. आणि तो थर पापुद्रे धरून सुटू लागला, नख त्याच्या कडेला अडकू लागलं, तर जगातलं कुठलंही पॉलिश उपयोगाचं नाही. तिथे वाचन थांबवून पेंटरकडे जावं.

पॅडवरचा तांबडा पाहून आबा म्हणाले, “घट जरा जादाच जातीया.” हा त्यांच्या धंद्यातला शब्द आणि तो इथे नेमका बसतो. गलाईत जुना दागिना मुशीत वितळवायचा, टाकणखार घालायचा, तेजाबानं चांदी-तांबं सोडवायचं आणि शुद्ध सोनं बाजूला काढायचं. सोनं तिथे कुणी तयार करत नाही, भेसळ तेवढी काढतात. पण काढताना सोन्याचीही थोडी घट जाते, आणि ती किती जाऊ द्यायची यावर कारागिराची किंमत ठरते. चकाकीचंही तेच. लोकांना वाटतं की पॉलिश म्हणजे काहीतरी चढवणं. खरं तर तांबडी भुकटी उतरवून खालचा शाबूत रंग वर आणायचा असतो. तो किती शिल्लक आहे? गाडीवरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. डोक्याचा केस जाडीला ७०च्या आसपास. म्हणजे दीड-दोन केसांच्या जाडीत प्रायमरपासून वरपर्यंत सगळा संसार, आणि प्रत्येक दसऱ्याला त्यातलाच एक चिमटा खर्च होणार.

हा हिशेब कुणीतरी आधी चुकवलेला होता, तेही बॉनेटवर वाचता येतं. मधल्या उंच घडीवर केसाएवढी करडी रेघ आहे, प्रायमर डोकावतोय. कडांवर आणि घड्यांवर रंग मुळात पातळ बसतो आणि हाताचा जोर तिथेच एकवटतो. कुणीतरी कधीतरी मशीन लावून दणकून घासलेलं असणार. आबांनी उरलेल्या सगळ्या कडांना कागदी टेप लावला आणि मगच पुढे सरकले. चिकटवलेल्या टेपला मी इथे संयम म्हणेन.

बॉनेटवरच आणखी एक ओळ होती. पूजेला हळदकुंकवानं काढलेल्या स्वस्तिकाचा डाग, वर्षानुवर्षं त्याच जागी. भुसभुशीत रंग कुंकू पिऊन घेतो, म्हणून साबणानं तो गेला नव्हता. रबिंगनं गेला. यंदाच्या पूजेला नवा येईलच, पण तो वॅक्सवर असेल, ओल्या फडक्यानं निघेल.

उन्हात उभी केली की बॉनेटवरच्या सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक वर्तुळांचं जाळं दिसतं. अनेकांना वाटतं की या रेघा गोलच आहेत. त्या चारी दिशांना ओढलेल्या असतात. उजेडाला आडव्या पडणाऱ्या तेवढ्या चमकतात, म्हणून नजरेला वर्तुळ भासतं. त्यांचे लेखक दोन. एक म्हणजे कोरड्या फडक्यानं धूळ झटकणारा हात. दुसरं, ज्यानं गाडी सांभाळली असं आपण समजतो ते कव्हर. माळावरच्या वाऱ्यात ते फडफडत राहतं आणि आत शिरलेली धूळ रंगावर घासत राहते. जमेल तेवढं ऊन अडवलं म्हणून कव्हराचे आभार मानावेत, पण जाळं त्याच्याच खात्यावर. फडक्यांचं म्हणाल तर यंत्रमागाच्या या गावात, जिथे गल्लीगल्लीत खडखडाट ऐकू येतो, तिथेही कामाचं फडकं पाकिटातूनच आणावं लागतं: पॉलिएस्टरचं मायक्रोफायबर. मऊ जुनं धोतर चालतं, पण कडेची शिलाई कापून. शिलाईचा दोरा रेघ ओढतो.

चकाकी मोजायची साधी रीत आहे. दारासमोर वर्तमानपत्र धरायचं आणि मथळा पत्र्यात कितपत वाचता येतो ते बघायचं. रबिंगआधी मथळ्याच्या जागी नुसता करडा पट्टा होता. पॉलिश झाल्यावर अक्षरं उलटी पण सुटी दिसू लागली. नुसतं उजळणं वेगळं आणि प्रतिबिंबाच्या कडा ठाशीव येणं वेगळं. कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा लोक तिचा आकार बघतात. माझी नजर तिच्या पत्र्यातल्या माणसांच्या कडांवर असते. ही सवय वाईट आहे, लग्नाच्या वरातीतही जात नाही.

चालकाच्या दाराच्या मुठीमागच्या खळगीत नखांच्या, अंगठ्यांच्या बारीक चंद्रकोरी आहेत. मागच्या दाराच्या मुठीखालच्या रेघा बांगड्यांच्या असाव्यात, लांब आणि तिरक्या. यांतल्या उथळ होत्या त्या गेल्या. ज्यांत नख अडकतं त्या राहिल्या, कारण त्या घालवायच्या तर भोवतालचा सगळा रंग त्यांच्या तळापर्यंत खाली आणावा लागेल. आबांच्या धाकट्यानं यूट्यूबवर पाहून टूथपेस्ट आणली होती. तीही घासणारीच, पण कशी घासेल याचा भरवसा नाही. दातांसाठीच राहू द्यावी.

डिकीवर मात्र मी अडलो. तिथे एकेकाळी ‘रेवणसिद्ध प्रसन्न’ असं स्टिकर होतं. ते कधीच निघून गेलं, पण अक्षरांखालचा रंग उन्हापासून वाचला होता. आजूबाजूचं फिकट झालं आणि अक्षरं मूळच्या तांबड्यात तशीच उभी राहिली. रबिंगनं आजूबाजूचा थर उतरला तसा दोन्हींतला फरक मिटत गेला. तिरकस उजेडात अजून ‘सिद्ध’ एवढं लागतं. आबा आणखी घासायला निघाले होते. त्यांच्या मंडळींनी ओसरीवरूनच सांगितलं, राहू द्या.

वॅक्सबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. पातळ लावायचं, सुकू द्यायचं, पुसून घ्यायचं. पाणी थेंब धरून घरंगळतं ते बघायला मजा येते. पण चकाकी आधीच्या घासण्यानं आलेली असते, मेण तिची राखण करतं, आणि विट्याच्या उन्हाळ्यात तीही जेमतेम महिना-दोन महिने.

राहता राहिला टप. तिथलं घासणं मी मध्येच थांबवायला सांगितलं. तांबडा वर आला होता, पण ठिपक्याठिपक्यांनी खालचा प्रायमरही दिसू लागला होता. तिथे उरलेली घट परवडणारी नव्हती. माझं मत, टप तेवढा पेंटरकडून करून घ्यावा. बाकीच्या पत्र्याला नवा रंग देणं म्हणजे चांगला मूळ मजकूर खोडून नक्कल ठेवणं. मेख एवढीच की नवा टप खरा तांबडा होईल आणि दारं त्याच्यापुढे जरा फिकी दिसतील. आबांना ते सांगितलं. ते कंपाऊंडच्या डब्याचं झाकण लावत होते.

“टपाकडं बघतंय कोण?” म्हणाले. “वरनं बघणारा एकच, आन् त्यानंच तर त्यो खाल्लाय.”