अंधारीतल्या पायऱ्या

इंदूरची मावशी आणि काका आले की वेरूळ ठरलेलं. या खेपेला काका वाटेतच म्हणाले, "आधी देवगिरी." मग वेरूळ राहिलं ते राहिलंच.

पायथ्यावरून गड अगदी भोळा दिसतो. सपाट मैदानात उभा एकच डोंगर, उंची सुमारे 200 मीटर, सगळं उघड्यावर. "एवढाच ना?" म्हणत मावशी चपलांवरच निघाली.

पहिली गंमत दरवाजांत. एक ओलांडला की पुढचा समोर सापडत नाही. काटकोनात वळावं लागतं आणि वळायला जागा बेताची. भाचीनं विचारलं, "दार वाकडं का?" हत्तीला लांबून धावत येऊन धडक मारता येऊ नये म्हणून. त्यातूनही आलाच, तर फळ्यांवर अणकुचीदार लोखंडी खिळे आहेत, नेमके त्याच्या कपाळाच्या उंचीवर. तिचा हात पोचेना. काकांनी उचललं, तेव्हा तिनं एका टोकाला बोट टेकवलं आणि चटकन मागे घेतलं. बांधणाऱ्याला एवढंच म्हणायचं होतं.

चांदमिनार मी भरभर उरकला. बहमनी काळातला, डौलदार, पण गडाच्या बोलण्यात तो मधेच आलेल्या पाहुण्यासारखा वाटतो.

खरी करामत कातळात. डोंगराचा खालचा भाग पाथरवटांनी सभोवार उभा तासलाय. पाऊल टेकायला खाच म्हणून नाही. इतर गडांवर काय बांधलं ते बघायचं, इथं काय काढून टाकलं ते. खाली खंदक, त्यावर अरुंद पूल, आणि पुलापलीकडे कातळाच्या पोटात शिरणारी अंधारी.

तिथं मी सगळ्यांना मोबाइलचे दिवे बंद करायला लावले. वटवाघळांचा उग्र दर्प नाकात बसला. पायऱ्या एका मापाच्या नाहीत. एक ठेंगणी, पुढची गुडघ्याला येणारी. चालण्याची लय धरावी तोच ती मोडते. वरच्या तोंडाशी लोखंडी जाळीवर आग पेटवून वाट बंद करायची सोय होती. मावशीनं माझा दंड घट्ट धरला होता. चपला केव्हाच हातात आल्या होत्या.

बारादरीच्या सावलीत बसल्यावर काकांनी 1296 ची हकिगत काढली. अल्लाउद्दीन खिलजी अचानक येऊन धडकला, तेव्हा यादवांची मोठी फौज बाहेर होती. रामदेवरायानं गडाचा आसरा घेतला. घाईघाईनं पोती वर चढवली, आणि सांगतात की धान्य समजून आणलेल्या त्या पोत्यांत मीठ निघालं. कातळ कुणी फोडला नाही. तह करावा लागला तो भुकेपायी.

मावशी तळवे चोळत ऐकत होती. वर्षाचे गहू भरताना ती प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालते.

"आत घेताना एकानंही पोतं सोडून बघितलं नाही?"

काकांनी पाण्याची बाटली तिच्याकडे सरकवली.